शालूचा वन्स मोअर

सांगलीहून मुंबईला नाटकं बघायला चालले म्हटल्यावर आमच्या गल्लीनं मला वेड्यात काढलं. समोरच्या कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, "अहो, कृष्णेकाठी राहायचं आणि पाणी प्यायला मुंबईला जायचं?" आम्हा सांगलीकरांना नाटक आपल्याच ओसरीवर जन्मलं असं वाटतं, त्याला इलाज नाही. मी त्यांना म्हटलं, मे महिन्यात मुंबईच्या उपनगरांत इतकी नाटकं लागतात की बघायला माणसं कमी पडतात, कारण निम्मी माणसं सुट्टीला आपल्याकडे येऊन आपले आंबे खातात. तेव्हा कुणीतरी तिकडे जायला हवं.

खरं कारण वेगळं होतं. माझी धाकटी बहीण शालू मुलुंडला असते. विमा कंपनीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. ऑफिसातल्या जुन्या हौशी मंडळींचं एक संगीत नाटक आहे, आणि त्याचा प्रयोग त्या रविवारी बोरिवलीला होता. गळ्याच्या ऑपरेशननंतर शालू पहिल्यांदाच स्टेजवर उभी राहणार होती. थायरॉइडची गाठ काढली, गाठ साधी निघाली, देव पावला. पण आवाजाच्या नसेला धक्का लागला तो लागलाच. पूर्वी ती फोनवर नुसतं "ताई" म्हणाली तरी कानाला बरं वाटायचं. आता फोन आला की मला क्षणभर वाटतं, राँग नंबर.

"ये, पण एका अटीवर," ती म्हणाली. "वन्स मोअर ओरडायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

अट घालायला कारण होतं. मी मुलींच्या शाळेत जन्मभर पीटी शिकवली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गप्पा मारणारी मुलगी माझ्या हाकेनं जागच्या जागी सावधान व्हायची. संगीत नाटकात पद आवडलं की "वन्स मोअर" द्यायचा आणि गाणाऱ्यानं ते पुन्हा म्हणायचं, ही आपली जुनी रीत. आणि सांगलीच्या नाट्यगृहात पहिला वन्स मोअर बहुतेक माझाच असतो. नटमंडळी मला ओळखतात. काही जण घाबरतातही.

शपथ घेतली. बॅग भरली, वर आंब्यांची पेटी घेतली.

मुलुंड

शालूच्या गॅलरीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. मे महिन्यात ते पार करपलेले होते. तिचे यजमान दिलीपराव आमरस काढत बसले होते, आणि हवा अशी की पंखा चालू असून रसाच्या पातेल्याला घाम फुटलेला. सांगलीचा उन्हाळा भाजतो, मुंबईचा उकडतो, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बालनाट्याला गेलो. सुट्टीत इथं सकाळच्या वेळी बालनाट्यं असतात, आणि नाट्यगृहाबाहेर पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवलेल्या मुलांची ही गर्दी. नाटकात एक राक्षस दबक्या पावलांनी राजपुत्राच्या मागून येत होता. सगळं थिएटर ओरडायला लागलं, "मागे बघ, मागे बघ." राजपुत्राला कथेप्रमाणे मागे बघायचं नव्हतं. शेवटी राक्षसच कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "गप बसा ना यार, माझी वाट लावताय तुम्ही." मुलं खुर्च्यांवर उभी राहिली.

शालूही मोकळेपणी हसली. तिचं हसू आता घोगरं आहे, घशाच्या तळातून येतं. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी दचकून मागे वळली आणि शालूकडे बघतच राहिली. तिला बहुधा वाटलं, राक्षसाचं कुणीतरी इकडेही बसलंय. शालूनं तोंडावर रुमाल धरला तो पडदा पडेपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर जेवताना तिनं मला खरी गोष्ट सांगितली. नाटकात ती एका संस्थानाच्या राणीचं काम करते. दुसऱ्या अंकात मुलगा लढाईला निघतो तेव्हा तिला एकच पद आहे. सहा वर्षांपूर्वी याच नाटकाच्या वेळी ते पद चांगल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं होतं, ऑर्गन-तबल्यासकट. दिग्दर्शकानं ठरवलंय की तेच लावायचं. तिनं फक्त ओठ हलवायचे.

"म्हणजे गाणार तूच," मी म्हटलं.

"हो. पण तेव्हाची," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या वाटीत आणखी आमरस वाढला.

घाटकोपर

दिलीपरावांना गुजराती नाटकाचं भारी वेड. त्यांचं म्हणणं, मराठी नाटकातून माणूस रडून घरी येतो आणि गुजराती नाटकातून जेवून. घाटकोपरला जाऊन बघितलं, तर माणूस खोटं बोलत नाही. सासू, सून आणि परदेशातून आलेला जावई असं धमाल नाटक. मला निम्मी भाषा कळत होती, उरलेली शेजारच्या खुर्चीवरच्या बा, म्हणजे गुजराती आजी, मला हिंदीत समजावून सांगत होत्या, आणि दर विनोदानंतर "समज पडी?" म्हणून कोपर मारत होत्या. सांगलीत मध्यंतर म्हणजे चहा आणि वडा. इथं मध्यंतर म्हणजे लग्नाची पंगत. समोसे, कोल्ड कॉफी, आणि घरून आणलेले ठेपले अनोळखी माणसाच्या हातावरसुद्धा ठेवत होते.

काउंटरवर शालूनं तीन कॉफी सांगितल्या. पोऱ्याला ऐकू गेलं नाही. तिनं परत सांगितलं. गर्दी होती, त्याला परत ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा तिनं नुसती तीन बोटं वर केली. मी तोंड उघडणार होते, दिलीपरावांनी हलकेच माझा हात दाबला. त्यांचं बरोबर होतं. पण मला त्या गोड कॉफीची चव काही लागली नाही.

मरोळ

अंधेरीच्या पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नाटक होतं यावर कुलकर्णी वहिनींचा अजून विश्वास बसलेला नाही. माल चढवायच्या लिफ्टमधून आम्ही वर गेलो. एका गाळ्यात प्लॅस्टिकची झाकणं पाडणारं मशीन धाडधाड चाललेलं, आणि शेजारच्या गाळ्याच्या भिंती काळ्या रंगवून तिथं थिएटर केलेलं. चपला बाहेर, बसायला जमिनीवर गाद्या. माझे गुडघे बघून एका मुलीनं प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. परीक्षेला सुपरवायझर बसतात तशी मी सगळ्यांच्या मागे बसले.

घंटा नाही, पडदा नाही. एका मुलीनं बादलीभर पाण्याशी तासभर गप्पा मारल्या. आधी मी मनात म्हटलं, झालं, हे काय आता. पण ती मुलगी मधेच त्या बादलीला आपल्या आजारी आईसारखं उचलून कडेला ठेवायला लागली, इतक्या अलगद, की माझ्या तोंडून मोठ्यांदा "वा" निघालं. सगळी डोकी एकदम माझ्याकडे. इथं कुणी दाद देत नाही म्हणे. मनात ठेवतात आणि शेवटी चर्चा करतात.

चर्चेनंतर नीरज भेटला. हे नाटक त्याचं, आणि शालूच्या नाटकाचा दिग्दर्शकही तोच. त्याची आई शालूच्या ऑफिसातली, त्यामुळे सगळ्या बायकांना तो मावशी म्हणतो. दाढीवाला, काटकुळा, गुणी पोरगा. मी त्याला बाजूला घेतलं.

"काय रे, माझ्या बहिणीला बाहुली करून उभी करणार तू?"

त्याला राग आला नाही. खाली चहावाल्याकडे घेऊन गेला. "मावशी, तालमीत तिचा आवाज दोनदा फुटला. दोन्ही वेळा ती घरी निघून गेली. बोरिवलीत भरल्या थिएटरमध्ये फुटला, तर ती परत स्टेजवर पाय ठेवणार नाही. मला ती स्टेजवर हवीय. ट्रॅक लावला तर निदान उभी तरी राहील ना? आणि आवाज तिचाच आहे, चोरीचा थोडाच आहे?"

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण पोराला माझ्याइतकीच तिची काळजी होती, मग भांडणार कशावर? चहा पिऊन आले.

मनोरी

शनिवारी शालूची मैत्रीण हेमा आम्हाला जेवायला घेऊन गेली. हेमा याच ऑफिसातली, नाटकात राणीची दासी होते. मनोरीची कोळीण. घरची होडी आहे, आणि निवृत्तीनंतर ही आता आईबरोबर बाजारात मासळी घेऊन बसते. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीनं पाच-दहा मिनिटांत पलीकडे उतरलो, आणि मुंबई म्हणून काही असतं हेच विसरायला झालं. पावसाळ्यात मासेमारी बंद राहते, त्याच्या आधीची धांदल सगळीकडे. जाळी दुरुस्त करणारे पुरुष, वाळवण उलटणाऱ्या बायका.

घराच्या उंबऱ्याआत पाऊल टाकलं की हेमाची भाषा बदलते. "बस गो, लाजतं कशाला," म्हणून तिनं माझ्या पानात तळलेले बोंबील वाढले, तांदळाची भाकरी, आणि कैरी घालून केलेली सुकट. आम्ही सांगलीची माणसं मटणाची, माशाकडे जरा संशयानंच बघतो. मी चार बोंबील खाल्ले आणि पाचवा मागून घेतला.

शेजारी लग्न होतं. मांडवात हळद चाललेली आणि एक म्हातारी धवलारीण गात होती. धवलारीण म्हणजे त्यांच्यात लग्नाचे विधी गाण्यांतून चालवणारी बाई. माइक नाही, पेटी नाही. तिचा आवाज पार फाटलेला, श्वास मधेच संपायचा, मग ती थांबायची, पाण्याचा घोट घ्यायची आणि राहिलेला शब्द तिथूनच पुढे धरायची. बाकीच्या बायका तोवर खुशाल थांबून राहायच्या. नवरीची आई डोळे पुसत होती. हे सगळं शालू ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होती, ताटातला भात गार झाला तरी.

परत येऊन बसली आणि म्हणाली, "हेमा, उद्या मला लबाडी केल्यासारखं वाटणार गं."

हेमा बोंबलाचा काटा काढत होती. "आमी बरफातला म्हावरा इकतोच ना? रोज ताजा कुठला मिलतंय? इकतो. पन गिराईकाला सांगून इकतो, का बाई, ह्यो बरफातला हाय."

"स्टेजवर कसं सांगणार?"

"ते मना काय ठावं? राणी तू हायेस. मी दासी."

शालू हसली, यावेळी रुमाल न धरता. परतीच्या बोटीत मात्र ती पाण्याकडे बघत राहिली.

बोरिवली

रविवारचा दुपारचा प्रयोग. बोरिवलीचं थिएटर चांगलं ऐसपैस, पण त्या दिवशी एसीनं दगा दिला होता. प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत बसले होते. बहुतेक सगळे पांढऱ्या केसांचे, आमच्याच पिढीचे. मला सांगलीतच आल्यासारखं वाटलं. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला, तिसरी घंटा झाली आणि नांदी सुरू झाली. ऑर्गन आणि तबला समोर खाली बसलेले. नीरजनं जमवलेली तरुण मुलंमुली खरोखरच गात होती, दोघातिघांचे गळे चांगले आहेत.

दुसरा अंक आला. शालू हिरव्या शालूत उभी होती. मुलगा नमस्कार करून बाजूला झाला, ऑर्गनवाल्यानं हात नुसते पट्ट्यांवर ठेवले, आणि आवाज आला.

काय सांगू. तोच आवाज. आमच्या माजघरात देवापुढं बसून गाणारी, माझी वेणी घालताना गाणारी शालू. भीमपलास असा लख्ख, की वारा घेणारे हात थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. ओठ तिनं चोख हलवले, शंका घ्यायला जागा नव्हती. पण गाताना तिचा उजवा हात कायम मांडीवर ताल धरतो, लहानपणापासूनची सवय. तो हात त्या दिवशी गप्प होता.

पद संपलं आणि पुढच्या रांगेतून एका आजोबांनी खणखणीत हाक दिली, "वन्स मोअर!"

मी दचकले. मी नव्हते, शपथेवर सांगते. पाठोपाठ मधल्या रांगेतून दोन, मग बाल्कनीतून, मग सगळं थिएटर. आणि इथंच सगळं फसलं. तालमीत ट्रॅक होता, लाइट होते, घोड्यांच्या टापा होत्या. वन्स मोअरचा विचार कुणी म्हणजे कुणी केला नव्हता. नीरजच्या नाटकांत दाद मनात ठेवतात, त्याला कुठून सुचणार? आणि आमच्या हौशी मंडळींनी गृहीत धरलं होतं की ऑपरेशननंतर कोण मागणार वन्स मोअर. ट्रॅक आपला पुढे चालूच. टापा सुरू झाल्या. त्या ऐकून मुलगा तलवार उपसून निघाला, अर्ध्यावर गोंधळून परत आला. लोक हसले. मग टापाही बंद झाल्या, आणि तो मोठा रिकामा वेळ सुरू झाला. मागे साउंडच्या खोलीत नीरज डोक्याला हात लावून उभा असलेला मला दिसला. त्यानं बोटानं खूण केली, पुन्हा लावतो.

शालूनं मान हलवून नको म्हटलं. दोन पावलं पुढे आली. संगीत नाटकात वन्स मोअरला नट असे पुढे येतातच, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"आत्ता ऐकलात तो माझा सहा वर्षांपूर्वीचा आवाज होता," ती म्हणाली. तिचं ते घोगरं बोलणं माइकमधून सगळीकडे पोचलं. "मधे गळ्याचं ऑपरेशन झालं. वन्स मोअर मागितलात, तर आता आहे तो ऐकावा लागेल."

मागे उभी असलेली दासी, म्हणजे हेमा, जमिनीकडे बघत होती.

शालूनं ऑर्गनवाल्याला पट्टी खाली सांगितली, चांगली काळी चारची काळी दोन. आणि गायला लागली. छान गायली असं मी म्हणणार नाही. पहिली ओळ खरखरीत निघाली. अंतऱ्याला वरच्या सुरावर आवाज फुटला, साफ फुटला. ती थांबली. थिएटरमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. तिनं श्वास घेतला, राहिलेला शब्द तिथूनच धरला आणि सूर खालून घेऊन ओळ पुरी केली. तिचा उजवा हात मांडीवर ताल धरत होता.

टाळ्या पडल्या, बऱ्यापैकी पडल्या. दुसरा वन्स मोअर कुणी दिला नाही. मी ओठ घट्ट मिटून बसले होते.

नंतर मेकअपरूममध्ये ते आजोबा काठी टेकत आले. "बाई, पहिल्या वेळी मी गाणं ऐकलं," ते म्हणाले. "दुसऱ्या वेळी मुलगा लढाईवर चाललाय ते कळलं." शालूनं वाकून नमस्कार केला. पण बाहेर रिक्षासाठी उभे होतो तेव्हा पुढची एक बाई नवऱ्याला सांगत होती, "आवाज गेलाय हो त्यांचा, कशाला पुन्हा गायल्या? आधीचं किती झकास होतं." तेही शालूनं ऐकलं. रात्री नीरजचा फोन आला तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "पुढच्या प्रयोगाचं नंतर बघू."



चेकनाका

परतीची सांगलीची एसटी सकाळी मुलुंड चेकनाक्यावरून होती. शालू सोडायला आली. कलिंगडवाला नुकताच गाडी लावत होता, ट्रक धुरळा उडवत चालले होते, आणि आम्ही दोघी माझ्या बॅगेवर आळीपाळीनं बसत होतो.

"दुसऱ्यांदा कुणी मागितला नाही," ती एकदम म्हणाली.

"नाही."

"तूही नाही दिलास."

"शपथ कुणाची होती?"

"ती ट्रॅकसाठी होती गं," ती म्हणाली. "पट्टी खाली घेतली तेव्हा वाटलं, आता तू मोडशील."

जन्मभर जिला ओरडू नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं, ती नेमकी त्याच दिवशी शहाण्यासारखी गप्प बसली.

"म्हण," मी म्हटलं.

"इथं? लोक काय म्हणतील?"

"कलिंगडवाला आहे, आणि मी आहे. म्हण."

तिनं इकडेतिकडे बघितलं, पदर नीट केला आणि सुरू केलं. खालच्या पट्टीत, ट्रकच्या आवाजात निम्मं बुडत. त्याच वरच्या सुरापाशी आवाज परत फुटला. ती थांबली, श्वास घेतला, पुरं केलं.

मग मी पायात अंतर घेतलं, छाती भरून घेतली आणि मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचेल असा दिला, "वन्स मोअर!"

कलिंगडवाल्याच्या हातातली सुरी थांबली. रस्त्यापलीकडचा हवालदार वळून बघायला लागला. शालूनं कपाळावर हात मारला, हसली, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर दारातून "कराड, सांगली, चला लवकर" करत होता. मी बॅग वर चढवली, एक पाय पायरीवर ठेवला आणि त्याला म्हटलं, "थांबा हो जरा. अंतरा राहिलाय तिचा."